हप्ता एकच चुकला, मग दंड आठ महिने कसा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. जानेवारी २०२५ मध्ये जुन्या पिकअपसाठी तुम्ही एका फायनान्स कंपनीकडून १५ टक्के दराने कर्ज घेतलं. हप्ता १२,४०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला बँक खात्यातून आपोआप कापला जातो. ऑगस्टच्या ५ तारखेला खात्यात ६४० रुपये कमी पडले आणि हप्ता बाउन्स झाला. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंतचे आठही हप्ते वेळेवर कापले गेले. आता वसुलीचा माणूस दारात येऊन म्हणतो, १८,३०० रुपये दंड भरा नाहीतर गाडी उचलू. तुम्ही विचारताय, ६४० रुपयांसाठी १८,३०० दंड कुठल्या कायद्यात बसतो?

कुठल्याच कायद्यात बसत नाही. पण तुम्हाला दंड १८,३०० लागलेलाच नाही, असं मला वाटतं. मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकवीस वर्षं काढली, शेवटची सात वसुलीत. आता एका करसल्लागाराच्या ऑफिसात बसून लोकांचे खातेउतारे वाचून देते. तुमच्यासारखी केस महिन्याला एखादी तरी येते. तिथे गोंधळ दंडाच्या दराचा नसतो, एका न भरलेल्या हप्त्याचा असतो. गंमत म्हणजे तो हप्ता आपण भरलेला नाही, हेच कर्जदाराच्या लक्षात आलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये ६४० कमी पडले म्हणजे उरलेले ११,७६० कंपनीला गेले, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. खात्यातून आपोआप होणारी कपात पूर्ण रकमेची होते, नाहीतर अजिबात होत नाही. तुमचे ११,७६० तुमच्याच खात्यात राहिले आणि पुढच्या आठवड्यात डिझेल, टायर, किराण्यात गेले. पासबुक काढा आणि बघा. ऑगस्टचा हप्ता तुम्ही आजपर्यंत भरलेला नाही.

मग सप्टेंबरचे १२,४०० गेले, त्यांचं काय झालं? ते कंपनीने सप्टेंबरच्या नावावर जमा केलेच नाहीत. आलेला पैसा सगळ्यात जुन्या थकबाकीला लावायचा, ही बहुतेक कर्जांतली रीत. त्यामुळे सप्टेंबरच्या पैशाने ऑगस्ट फिटला आणि सप्टेंबर थकला. ऑक्टोबरच्या पैशाने सप्टेंबर फिटला, ऑक्टोबर थकला. असं करत करत आज तुमचा एप्रिलचा हप्ता थकलेला आहे. तुमच्या लेखी आठ महिने सगळं सुरळीत आणि कंपनीच्या लेखी आठ महिने सतत १२,४०० बाकी. आमच्याकडे याला 'खातं एक हप्ता मागे चालतंय' म्हणायचे. दिवसभर सुरळीत चाललेल्या पण पहाटेच सुटायला उशीर झालेल्या एसटीसारखं: मधे कुठेही न थांबता ती प्रत्येक थांब्यावर उशिराच पोचते.

आता आकडे. तुमच्या करारात उशिराच्या रकमेवर महिना २ टक्के दंड लिहिलाय, असं तुम्ही म्हणता. १२,४०० वर २ टक्के म्हणजे २४८ रुपये महिना. आठ महिन्यांचे १,९८४. हा खरा दंड. बाउन्सचे ५०० अधिक जीएसटी असे ५९०, एकदाच. न भरलेला हप्ता १२,४००. बेरीज १४,९७४. शिवाय जो हप्ता मागे राहिला त्यावर मूळ १५ टक्के दराने व्याज चालू राहतं. ते ढोबळमानाने महिना १५५, आठ महिन्यांचं १,२४० होईल. बरेच जण यालाही दंड समजून भांडतात, पण तो दंड नाही. पैसे त्यांच्याकडे पोचले नाहीत तितके दिवस ते ठरलेल्या दराने व्याज मागू शकतात. झाले १६,२१४. माणूस मागतोय १८,३००. म्हणजे हिशेब लागत नाही तो २,०८६ रुपयांचा.

तुमचं भांडण या २,०८६ चं आहे. १८,३०० वर ओरडत गेलात तर समोरचा पहिल्याच मिनिटात उतारा दाखवून तुम्हाला गप्प करेल आणि मग त्या दोन हजारांबद्दल बोलायची तुमची हिंमत राहणार नाही. हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

हे दोन हजार बहुधा कशाचे असतात? माझ्या अनुभवात तीन गोष्टींचे. 'व्हिजिट चार्ज' किंवा 'कलेक्शन चार्ज', म्हणजे माणूस घरी आला त्याचे पैसे. मधे कधी पुन्हा कपातीचा प्रयत्न झाला आणि तोही परत गेला असेल, तर त्याचा बाउन्स. आणि तिसरं म्हणजे दंडावर लावलेला दंड. यातलं कुठलं चालतं आणि कुठलं नाही, हे समजायला नियम थोडा सविस्तर सांगायला हवा.

पूर्वी 'दंडव्याज' नावाचा प्रकार होता. हप्ता चुकला की व्याजाचा दरच दोन-तीन टक्क्यांनी वाढवायचा. काही ठिकाणी तो वाढीव दर थकलेल्या रकमेवर लावायचे, काही ठिकाणी सरळ सगळ्या बाकीवर. मी स्वतः असे कोड सिस्टीममध्ये टाकलेत, खोटं कशाला बोलू. एका वीटभट्टीवाल्याने विम्याची नवी प्रत दिली नाही, म्हणून ६ लाखांच्या बाकीवर वर्षभर २ टक्के जास्त लागले. १२,००० रुपये, एका कागदासाठी. ते मुद्दलात मिसळले आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावरही व्याज. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सर्क्युलर होतं, कोड होता, मी टाकला.

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने हे बंद केलं. नव्या कर्जांना तो नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांना जास्तीत जास्त ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचा होता. गाभा असा: चुकीबद्दल जो काही आकार लावायचा तो 'दंड आकार' म्हणून वेगळा दाखवायचा, व्याजाच्या दरात मिसळायचा नाही. त्या दंडावर पुढे व्याज लावायचं नाही. दंड वाजवी असावा, चुकीच्या मानाने असावा. हप्ता चुकला असेल तर तो थकलेल्या रकमेवरच लागतो, सगळ्या कर्जावर नाही. करारात आणि कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात त्याचा दर आणि कारण लिहिलेलं हवं. आणि जे कुणी वाचत नाही पण फार कामाचं आहे ते: थकबाकीची आठवण पाठवताना दंड किती लागतो ते कळवायचं, आणि प्रत्यक्ष लावला की कारणासकट कळवायचं.

त्या नियमात कमाल दर मात्र दिलेला नाही. म्हणून 'रिझर्व्ह बँकेने २ टक्केच सांगितलेत' वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यावर विसंबू नका. महिना २ टक्के तुम्हाला जास्त वाटत असेल, मलाही वाटतो, पण तुम्ही सही केलेल्या करारात तो आहे. तिथे डोकं आपटून फारसं हाती लागत नाही. दंडावर दंड लागला असेल तर मात्र हाती लागतं. महिना २ टक्के दंडच जर चक्रवाढ पद्धतीने लावला, तर आठ महिन्यांत १,९८४ च्या जागी २,१२९ होतात. फरक दीडशेचा, पण ती एक ओळ उताऱ्यात सापडली की समोरचा बाकीच्या आकारांवरही नरम येतो.

जीएसटीचंही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर हे स्पष्ट झालं की बँका आणि फायनान्स कंपन्या कर्जदाराला लावतात त्या दंड आकारावर जीएसटी लागत नाही. त्याचं परिपत्रक जानेवारी २०२५ मध्ये निघालं. तुमच्या १,९८४ वर १८ टक्के लावलेले दिसले, म्हणजे ३५७ रुपये, तर ते परत मागा.

व्हिजिट चार्जचं उत्तर तुमच्याच कागदांत आहे. तुमचं कर्ज जानेवारी २०२५ चं, आणि १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जांना मुख्य माहितीपत्रक देणं सक्तीचं आहे. 'केएफएस' म्हणतात त्याला. त्यात न लिहिलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत कधीही लावता येत नाही. सही करताना मिळालेल्या गठ्ठ्यात किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ते दोन-तीन पानी पत्रक शोधा. व्हिजिटचे पैसे त्यात असतील तर आकडा ताडून बघा, नसतील तर तो आकार उडाला.

इथपर्यंत मी दोन गोष्टी गृहीत धरल्यात, त्या सांगून टाकते. पहिली म्हणजे कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येते. बँक, नागरी सहकारी बँक, फायनान्स कंपनी, गृहकर्ज कंपनी या सगळ्या येतात. आपल्याकडची पतसंस्था येत नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, तिची तक्रार निबंधकाकडे जाते आणि वसुलीसाठी तिच्या हातात कलम १०१ चा वसुली दाखला असतो. तिथे वरचं बरंचसं लागू होणार नाही. क्रेडिट कार्डाच्या उशिरालाही हा २०२३ चा नियम नाही, त्याचे वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. वरचा हिशेब मी असा मांडला की दंड आणि बाउन्स बाजूला साठत गेले आणि तुमचे १२,४०० दर महिन्याला पूर्ण हप्त्याला लागले. पण काही करारांत क्रम उलटा असतो: आलेल्या पैशातून आधी आकार, मग व्याज, मग मुद्दल. तसं असेल तर सप्टेंबरच्या १२,४०० मधून आधी ५९० आणि २४८ गेले, ऑगस्टच्या हप्त्याला ११,५६२ मिळाले आणि ऑगस्टचे ८३८ पुन्हा लटकले. म्हणजे थकलेला हप्ता १२,४०० वर थांबत नाही, हळूहळू फुगतो आणि पुढचा दंड त्या फुगलेल्या रकमेवर लागतो. दंडावर व्याज नको हा नियम कागदावर पाळला गेला आणि मागच्या दाराने तेच झालं. माझ्या मते हा नियमाच्या हेतूला बगल देण्याचा प्रकार आहे आणि तक्रारीत हे असंच लिहावं. निकाल तुमच्याच बाजूने लागेल अशी हमी मात्र मी देणार नाही, कारण करारातल्या क्रमाला वजन असतं. तुमच्या उताऱ्यात क्रम कुठला आहे ते जमेच्या प्रत्येक नोंदीसमोर दिसेल.

'गाडी उचलू' याबद्दल. खातं एनपीए व्हायला, म्हणजे बुडीतात धरलं जायला, थकबाकी ९० दिवसांच्या पुढे जावी लागते. तुमची थकबाकी पहिल्या हिशेबाने कधीच एका महिन्यापलीकडे गेलेली नाही. दर ५ तारखेला जुनी फिटते, नवी सुरू होते. अशा खात्यावर गाडी उचलायला सहसा कुणी खर्च करत नाही, हे त्या माणसालाही माहीत असतं. तरी करारात ताबा घेण्याचं कलम असणारच. त्यात नोटिशीची मुदत काय, आणि गाडी विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, हे असावं लागतं. ते एकदा वाचून ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. तुम्हाला रात्री साडेनऊला फोन आला म्हणता, त्याचा स्क्रीनशॉट जपा. आणि त्या माणसाच्या हातात रोख पैसे देऊ नका. अगदी ओळखीचा निघाला, गावाकडचा निघाला तरी नाही. माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यात वाईट केसेस पावती नसलेल्या रोखीच्या आहेत.

गाडीपेक्षा मला तुमच्या सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीची, जास्त काळजी वाटते. हप्ता ५ तारखेचा आणि महिनाअखेरीची नोंद गेली की दर महिन्याला 'पंचवीस दिवस उशीर' अशा ओळी तुमच्या नावावर पडल्या असणार. २०२५ च्या जानेवारीपासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला जाते, म्हणजे आता आणखी लवकर दिसते. तुम्हाला वाटतंय एक चूक केली, अहवाल सांगतो आठ केल्या. पुढच्या वर्षी नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा हे आडवं येईल. चारही क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, आजच मागवा. आणि एक सांगते, वाईट वाटलं तरी: त्या ओळी चुकीच्या नाहीत, त्यामुळे तक्रार करून त्या पुसल्या जाणार नाहीत. नववी ओळ पडू द्यायची नाही, एवढंच हातात आहे.

म्हणून तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. सगळ्यात आधी एक पूर्ण हप्ता, १२,४००, भरून टाकला असता. वाद मिटायची वाट न बघता. दंड मान्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा, हप्ता तर आपण देणं लागतोच आणि तो गेला की दंडाचं रोजचं ८ रुपयांचं मीटर थांबतं. ॲपमधून भरताना 'थकीत हप्ता' आणि 'इतर आकार' असे पर्याय वेगळे असतील तर हप्ताच निवडा. भरल्यावर लगेच कंपनीच्या तक्रार निवारण ईमेलवर दोन ओळी: 'आज भरलेले १२,४०० रुपये थकीत हप्त्यापोटी आहेत, आकारांपोटी वळते करू नयेत. आकारांचा तारीखवार तपशील आणि खातेउतारा पाठवावा.' यामुळे कराराचा क्रम बदलेलच असं नाही, पण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, तुमचं म्हणणं पहिल्या दिवसापासून लेखी राहतं.

उतारा आला की शाखेत जा. माफी मागायची असेल तर फोनवर कॉल सेंटरला मागू नका, त्यांच्या हातात काही नसतं. शाखाधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत आकार माफ करायचा अधिकार बहुधा असतो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वसुलीचे आकडे जुळवायची घाई असते तेव्हा, तो जरा सढळ हाताने वापरला जातो. मी स्वतः वापरलाय. 'हप्ता भरला, ऑगस्टनंतर एकही बाउन्स नाही, आजच मिटवतो' असं म्हणणाऱ्याला आम्ही बहुतेकदा निम्म्यावर सोडायचो. मान्य झालं तर तेही ईमेलवर घ्या. तोंडी माफी पुढच्या अधिकाऱ्याला माहीत नसते.

नाही जमलं तर लेखी तक्रार, त्यावर ३० दिवस वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीत '१८,३०० दंड' लिहू नका. ज्या आकाराचा आधार कागदात नाही तेवढाच आकडा लिहा, तारखेसकट.

आणि हो, 'दोन हजारच आहेत, पडू देत' म्हणून सोडूही नका. ते खात्यावर गुपचूप बसून राहतात. शेवटचा हप्ता भरून तुम्ही आरसी बुकवरचा बोजा उतरवायला जाल, तेव्हा एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) देण्याआधी ते बाहेर निघतात, तोवर वाढलेले. त्या वेळी गाडीचं गिऱ्हाईक बाहेर उभं असतं आणि माणूस मुकाट पैसे भरतो.

रागाच्या भरात बँकेत जाऊन आपोआप कपात बंद करायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो डोक्यातून काढा. खात्यात शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक कपात परत जाणं हा २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो आणि सूचना बंद करणं ही त्यातून सुटायची पळवाट नाही. उलट हप्त्याची तारीख ५ वरून १२ करून मिळते का ते विचारा. बाजार समितीचे पैसे तुम्हाला १० तारखेला येतात म्हणता, मग ५ तारीख तुम्हाला दर महिन्यालाच टांगणीला लावणार.

उतारा मिळाला की आधी ५ ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर या दोन नोंदी बघा. सप्टेंबरचे १२,४०० कशाकशात वाटले गेले ते तिथे दिसेल. तेवढ्या ओळी खाते क्रमांक झाकून मला दाखवा, त्या २,०८६ पैकी किती सुटतात ते मी मांडून देते.